पिस्टन बदलायच्या आधी सायलेन्सर खोला



एरवी या पानावर ऊस, सोयाबीन आणि हळदीच्या नोंदी असतात. आजची नोंद यंत्राची आहे, आणि चूक माझीच आहे. म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

गेल्या हंगामात हळदीचा पाला कापायला ब्रश कटर लावला होता. टू-स्ट्रोक इंजिन, खांद्याला अडकवायचं. पाला वाळलेला, सरी कोरडी, पातं फिरलं की धुरळा नुसता. चौथ्या-पाचव्या दिवशी यंत्राचा दम जायला लागला. सकाळी सुरू व्हायचं, पण गरम झाल्यावर बंद पडलं की दोरी ओढून हात दुखायचे. मिस्त्रीकडं नेलं. त्यानं ब्लॉक उघडला, पिस्टनवरच्या उभ्या रेघा दाखवल्या आणि म्हणाला, "ऑइल कमी पडलंय."

ब्लॉक-पिस्टन, गॅस्केट, मजुरी धरून २,४०० रुपये झाले. ते गेले त्याचं एवढं नाही. पण घरी येऊन मी यंत्र चालवणाऱ्या पोराला बोललो. चार माणसांत बोललो. "वीस रुपयांचं ऑइल वाचवायला गेलास आणि माझं इंजिन खाल्लंस," असं म्हणालो. पोरगं काही बोललं नाही. दुसऱ्या दिवसापासून यायचं बंद झालं.

मग ऑइल मी स्वतः टाकायला लागलो. लिटरला ४० मिली सांगितलं होतं, मी ५० टाकलं. म्हणलं, जास्त झालं तर बिघडतंय कुठं. तीन आठवड्यांत नवा पिस्टन पण गेला. दुखणं तेच, रेघाही तशाच.

आता मात्र ऑइलला दोष देता येईना, कारण ऑइल मीच टाकत होतो.

आमच्या भावकीतले आबा तरुणपणी राजदूतवर दुधाचे कॅन घालून डेअरीला जायचे. राजदूत, येझदी, जुनी चेतक ही सगळी टू-स्ट्रोकची पिढी. त्या काळात गावोगावी या इंजिनाची नाडी ओळखणारी माणसं होती. पुढं चार-स्ट्रोक गाड्या आल्या आणि ती जाण गेली. आता टू-स्ट्रोक पुन्हा घराघरात आलंय, ब्रश कटर, फवारणी पंप आणि चेन-सॉच्या रूपानं. इंजिन परत आलं, पण ते ओळखणारा माणूस परत आला नाही.

आबांनी दोन्ही जुने पिस्टन मागितले. पहिला मी खोक्यात ठेवला होता, नशीब. दोन्ही उन्हात धरून फिरवले आणि मला विचारलं, "रेघा कुठल्या बाजूला आहेत?"

मी म्हणलं, "आहेत की, सगळीकडं."

"सगळीकडं नाहीत. नीट बघ."

खरंच सगळीकडं नव्हत्या. सायलेन्सरकडची बाजू बऱ्यापैकी शाबूत होती. कार्बोरेटरकडची बाजू राखाडी, निस्तेज, पॉलिश पेपर मारल्यासारखी, बारीक उभ्या ओरखड्यांनी भरलेली. खालची कड बोटाला पातळ लागत होती. आबा म्हणाले, "हे ऑइलचं काम नाही. ही माती आहे. फिल्टर आण."

फिल्टर काढला. स्पंजचा फिल्टर पेट्रोलमध्ये धुऊन धुऊन कडक झालेला, एका कोपऱ्याला तडकलेला, आणि झाकणाखाली नीट बसतच नव्हता. फिल्टरच्या आतल्या बाजूला, जिथं धुळीचा कण असता कामा नये, तिथं बोट फिरवलं तर बोट तपकिरी झालं. सगळा धुरळा थेट इंजिनात जात होता. नवा पिस्टन बसवला, फिल्टर मात्र जुनाच राहिला. दुसरा पिस्टन त्याच मातीनं खाल्ला.

मंडळी, मला जे म्हणायचंय ते एवढंच आहे. पिस्टन झिजला हे निदान नव्हे. तो का झिजला हे निदान. पान पिवळं पडलं की आपण लगेच युरियाची गोणी फोडत नाही. पिवळेपणा शेंड्याकडून आलाय की खालच्या पानांकडून, शिरा हिरव्या आहेत का, मुळाशी पाणी साचलंय का, हे आधी बघतो. पिस्टनचंही तसंच बघायचं. झीज कुठल्या बाजूला आहे त्यावरून दोष कळतो.

हे बघायला इंजिन सगळं उघडावं लागत नाही. सायलेन्सर गार होऊ द्या, प्लगची टोपी काढा, प्लग काढा. सायलेन्सरचे दोन-तीन बोल्ट काढले की ब्लॉकला एक खिडकी दिसते. ती धूर बाहेर जायची वाट. मोबाइलची बॅटरी लावून दोरी अगदी सावकाश ओढा. पिस्टन वर जाताना खिडकीसमोरून रिंगा जातात आणि मग पिस्टनची सायलेन्सरकडची बाजू दिसते. पिस्टन खाली असताना समोरची सिलेंडरची भिंत दिसते. दुसऱ्या बाजूला कार्बोरेटर काढला, की बहुतेक साध्या इंजिनांत पिस्टन खाली असताना त्याची तिकडची बाजूही दिसते. पंधरा मिनिटांचं काम आहे.

काय दिसलं तर काय समजायचं, ते सांगतो.

१) सायलेन्सरकडच्या बाजूला खोल उभ्या रेघा, ॲल्युमिनियम लिंपल्यासारखं, रिंग दाबून बसलेली. ही उष्णतेची खूण. ऑइल कमी, पेट्रोलच्या मानानं हवा जास्त, किंवा गार ठेवणाऱ्या पंख्याच्या वाटेत आणि ब्लॉकच्या पात्यांत गवताचा भुसा अडकलेला. ती बाजू मुळात सगळ्यात जास्त तापते, म्हणून आधी तिथंच धरतं.

२) कार्बोरेटरकडची बाजू राखाडी आणि बारीक ओरखड्यांची. ही धूळ. फिल्टर, त्याचं झाकण, कार्बोरेटर आणि ब्लॉकमधला जोड बघा. माझं हेच झालं.

३) चहूबाजूंनी सारख्याच रेघा. ऑइल पडलेलंच नाही, कोरड्या पेट्रोलवर चाललंय.

४) एकच खोल रेघ, बाकी सगळं चकचकीत. तुटलेली रिंग, निसटलेली पिनची क्लिप किंवा सुटलेला कार्बनचा खडा.

५) रेघा नाहीत, पण रिंग खाचेत चिकटलेली. लाकडी काडीनं खिडकीतून रिंग हलकेच दाबा. ती आत जाऊन परत आली पाहिजे. येत नसेल तर कार्बननं धरलीय. अशा वेळी पिस्टन कदाचित चांगलाही असतो. रिंग काढून खाच साफ केली की काम होतं.

पहिल्या कारणात हवा जास्त होण्याचा एक चोर लपलेला असतो. टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोल, ऑइल आणि हवेचं मिश्रण आधी पिस्टनच्या खाली, क्रँकच्या डब्यात जातं आणि मग वर येतं. त्यामुळं तो डबा हवाबंद असावा लागतो. क्रँकचं सील कडक झालं, बुडाची गॅस्केट गेली, की तिथून जास्तीची हवा ओढली जाते. यंत्र सोडून दिल्यावरही आवाज चढाच राहतो, आपोआप रेस घेतं, आपल्याला वाटतं काय जोरात चाललंय. ते जोरात नसतं, जळत असतं. त्यावर नवा पिस्टन टाकाल तर तोही जाईल.

धूळ टू-स्ट्रोकला इतकी का बाधते, तेही याच रचनेमुळं. ट्रॅक्टरच्या इंजिनात ऑइल वेगळं, चेंबरमध्ये असतं. इथं मात्र आत आलेली माती पिस्टनची बाजू घासत खाली जाते आणि क्रँकच्या बेरिंगमध्ये बसते. म्हणून धुळीनं पिस्टन गेला असेल तर खालचा डबा धुतल्याशिवाय नवा पिस्टन बसवू देऊ नका. कनेक्टिंग रॉड धरून वर-खाली हलवा. वर-खाली अजिबात हलता कामा नये. आडवा थोडा हलला तर चालतो. वर-खाली खेळ असेल तर बेरिंग गेलंय, आणि स्वस्तातलं यंत्र असेल तर त्यावर पैसे घालायचे का, याचा तिथंच विचार करा.

आता दुसरी बाजू. यंत्राला दम नाही म्हणजे पिस्टनच गेला, असंही नाही. सायलेन्सरच्या तोंडाची जाळी कार्बननं बुजली की नेमकं असंच होतं. मी लिटरला ५० मिली ऑइल टाकत होतो ना, माझी जाळी अर्धी बंद झाली होती. शिवाय ऑइल वाढवलं म्हणजे त्याच मापात पेट्रोल थोडं कमी जातं, हे माझ्या डोक्यातच नव्हतं. टाकीतला फिल्टर, टाकीच्या झाकणाचं हवेचं छिद्र, कार्बोरेटरचा पडदा, प्लग, हे सगळं आधी बघा. गरम झाल्यावर सुरू होत नाही, हे खराब कॉइलचंही लक्षण असतं.

पिस्टनवर संशय असेल तर कॉम्प्रेशन मोजा. साधं हातानं बघायचं तर दोरी सावकाश ओढा. प्रत्येक फेरीला अडल्यासारखी, ढेकळावरून चाक गेल्यासारखी लागली पाहिजे. लोण्यातून सुरी जावी तशी सरळ आली तर रिंगा धरत नाहीत. मी आता गेज घेतलाय, आठशे रुपयांचा. प्लगच्या जागी बसवायचा, रेस पूर्ण दाबून धरायची आणि काटा वर चढायचा थांबेपर्यंत दोरी ओढायची, पाच-सहा वेळा. माझ्या यंत्राला नव्या ब्लॉकवर १४० च्या आसपास दाब येतो. दुसऱ्यांदा गेलं तेव्हा ८५ होता. अशा लहान इंजिनाला साधारण १२० च्या वर असेल तर बरं, ९० च्या खाली गेलं की सुरू होणं मुश्कील. तुमच्या यंत्राचा आकडा वेगळा असू शकतो, म्हणून यंत्र नवं असतानाच एकदा मोजून वहीत लिहून ठेवा. पुढं ताडून बघायला तोच आकडा कामाला येतो.

आकडा कमी आला तर प्लगच्या छिद्रातून थोडं ऑइल सोडा, दोन-तीन वेळा दोरी ओढा आणि परत मोजा. आकडा एकदम वाढला तर रिंग-पिस्टन झिजलाय. फरक पडला नाही तर गॅस्केट किंवा प्लगच्या बैठकीतून दाब जातोय का ते बघा. पण नुसत्या आकड्यावर विसंबू नका. आत जादा ऑइल-पेट्रोल साचलेलं असेल तर आकडा खोटा चांगला येतो, आणि ओरखडे पडलेला पिस्टनही काही दिवस दाब धरतो. म्हणून शेवटी खिडकीतून बघायचंच.

ब्लॉकबद्दल एक गोष्ट. जुन्या मोटारसायकलींना बिडाची स्लीव्ह असायची. बोअर करून मोठ्या मापाचा पिस्टन टाकता यायचा. आताच्या बऱ्याच ब्रश कटरचा ब्लॉक ॲल्युमिनियमचा, आतून कडक मुलामा दिलेला असतो. तो बोअर होत नाही. भिंतीवर नख फिरवा. नख अडलं, मुलामा निघाला असेल, तर नुसता पिस्टन बदलून पैसे वाया घालवू नका. आणि नवा पिस्टन बसवताना समोर उभे राहा. डोक्यावरचा बाण सायलेन्सरकडं, रिंगेचं तोंड खाचेतल्या पिनेवर, आणि पिनेच्या क्लिपा नव्या.

ऑइलचंही सांगतो, कारण माझं गेलं नाही तरी बऱ्याच जणांचं ऑइलनंच जातं. २५:१ म्हणजे लिटरला ४० मिली, ५०:१ म्हणजे २० मिली. तुमच्या यंत्राचं माप पुस्तकात बघा. बाटलीच्या झाकणानं मोजू नका. जनावराच्या इंजेक्शनची २० मिलीची नवी सिरिंज, सुई काढून, याहून चांगलं माप नाही. आणि मिसळलेलं पेट्रोल महिना-महिना कॅनमध्ये ठेवू नका. आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते हवेतलं पाणी धरतं. पावसाळ्यात झाकण सैल राहिलं, पाणी जास्त झालं, की पाणी आणि इथेनॉल तळाला वेगळं होतं आणि ऑइल वरच्या पेट्रोलबरोबर राहतं. टाकीची नळी तळाचंच ओढते. म्हणजे ऑइल मोजून टाकूनही इंजिन कोरडं चालतं. शंका आली तर काचेच्या बाटलीत ओतून दहा मिनिटं ठेवा. दोन थर दिसले तर ते यंत्रात घालू नका.

आता कुणी म्हणेल, एवढं कशाला, किट स्वस्त आहे, हंगामात वेळ महाग आहे, टाका नवा आणि चालू करा. हंगामात बरोबर आहे ते. गवत उभं असताना मीही तेच करीन. पण जुना पिस्टन मिस्त्रीकडं टाकून येऊ नका, घरी आणा. संध्याकाळी चहा पिताना पाच मिनिटं फिरवून बघा. नाहीतर तोच खर्च तीन आठवड्यांनी परत दारात येतो.

मिस्त्रीला शिव्या देण्यातही अर्थ नाही. आपण त्याला पार्ट बदलण्याचे पैसे देतो, तपासण्याचे देत नाही. त्यानं तासभर बघून "फिल्टर बदला, बाकी काही नाही" असं सांगितलं तर आपण फुकट उठून येतो. माती परीक्षणाला पैसे देतो ना? मग "आधी कारण सांग, त्याचे शंभर रुपये वेगळे घे," असं म्हणून बघा. मी आता म्हणतो. गेल्या वेळी त्यानं शंभर रुपये घेतले आणि जाळी साफ करून दिली. पूर्वीसारखं असतं तर किटच गळ्यात पडलं असतं.

हे पान कृषी सहायक आणि केव्हीकेची मंडळीही वाचतात. त्यांना एक विनंती. अनुदानावर ही यंत्रं गावात येताहेत, चांगलंच आहे. प्रात्यक्षिकात पातं कसं धरायचं, औषध किती टाकायचं, ते सांगता. त्यातच अर्धा तास एक झिजलेला पिस्टन, एक फाटका फिल्टर आणि एक कॉम्प्रेशन गेज हातोहात फिरवा. रोगट पान हातात घेतल्याशिवाय रोग कळत नाही, तसंच हे आहे. माझे दोन्ही पिस्टन मी द्यायला तयार आहे.

राहिलं त्या पोराचं. आबांनी फिल्टर दाखवला त्याच संध्याकाळी मी त्याच्या घरी गेलो. दोन्ही पिस्टन बरोबर नेले. म्हणलं, "ऑइल तू बरोबरच टाकत होतास. माझा फिल्टर फाटका होता."

तो पिस्टन हातात घेऊन बघत बसला. मग म्हणाला, "आण्णा, मी तुम्हाला दोनदा सांगितलं होतं, फिल्टर बसत नाही म्हणून."

सांगितलं होतं. मलाही आठवलं तेव्हा. मी म्हणलं होतं, "चालतंय की अजून."

तो आता दुसऱ्यांच्या बागेत कामाला जातो. माझ्याकडं आला नाही, आणि मी आग्रहही केला नाही. पण यंत्र बिघडलं की आता माझं पहिलं बोट माणसाकडं जात नाही, फिल्टरकडं जातं.

तुमच्याकडं झिजलेला पिस्टन पडला असेल तर दोन्ही बाजूंचे फोटो टाका. सायलेन्सरकडची बाजू कुठली ते लिहा, बाण बघून कळेल. आबा आणि मी मिळून बघतो. फिल्टरचा फोटो पण टाका.